लॅमिन ए/सी जनुकाचे लेंटिव्हायरसद्वारे शमन : ए५४९ पेशींवरील कामाच्या नोंदी

५ जून २०२३

मानवी पेशींमधील एखादे जनुक लेंटिव्हायरसच्या, म्हणजे आपली जनुके पेशीच्या डीएनएमध्ये जोडणाऱ्या विषाणूच्या, मदतीने कायमचे दाबायचे, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत त्याचा स्थिर नॉकडाउन करायचा, हे काम आमच्या पुण्यातील प्रयोगशाळेत यापूर्वी कोणी केलेले नाही. त्यामुळे विचारायला जवळपास कोणी नाही आणि हाताशी असलेल्या लिखित पद्धतींमध्ये काय चुकते हे कोणी सांगत नाही. पुढे हेच काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी या नोंदी ठेवत आहे. यात चुका, खर्च आणि वाया गेलेला वेळ न लपवता लिहिणार आहे.

निवडलेले जनुक एलएमएनए हे आहे. पेशीकेंद्राच्या आतल्या बाजूला अस्तरासारखी जाळी असते, तिच्यातील लॅमिन ए आणि लॅमिन सी ही दोन्ही प्रथिने या एकाच जनुकापासून बनतात. या जनुकातील दोषांमुळे स्नायूंचा एमरी–ड्रायफस हा विकार होतो हे १९९९ मध्ये, आणि मुलांना अकाली वार्धक्य आणणारा प्रोजेरिया होतो हे २००३ मध्ये दिसून आले. २००१ मध्ये लहान आरएनए वापरून मानवी पेशींतील जनुके दाबता येतात हे प्रथम दाखवले गेले, तेव्हा निवडलेल्या लक्ष्यांमध्येही लॅमिन ए/सी होते. लक्ष्य पूर्वी अनेकांनी यशस्वीपणे दाबलेले आहे, त्यामुळे अपयश आले तर दोष आमच्या हातांत शोधायचा, जनुकात नाही, एवढी स्पष्टता सुरुवातीलाच मिळाली.

पेशी ए५४९, म्हणजे मानवी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या. या पेशी पुण्याच्याच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून आणल्या. विषाणू तयार करण्यासाठी लागणाऱ्या एचईके२९३टी पेशी मात्र एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून मिळाल्या. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरू शकतो, म्हणून इथे नोंदवतो.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी हाती येईपर्यंत मार्गदर्शक मॅडमनी प्लाझ्मिड (जिवाणूंत वाढवता येणारे डीएनएचे लहान गोल तुकडे) मागवू दिले नाहीत, आणि ते योग्यच होते. हा विषाणू पेशीत एकदा शिरल्यावर पुन्हा वाढू शकत नाही हे खरे आहे, पण त्याच्या पृष्ठभागावर व्हीएसव्ही विषाणूचे जी प्रथिन असल्यामुळे तो जवळजवळ कोणत्याही मानवी पेशीत शिरतो, आणि शिरल्यावर तिच्या डीएनएमध्ये कायमचा जोडला जातो. म्हणून सर्व काम जैवसुरक्षा पातळी २ वर होईल, हातात दुहेरी मोजे असतील, हूडमध्ये सुई किंवा काचेची पिपेट येणार नाही आणि विषाणू लागलेली प्रत्येक वस्तू ताज्या हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असे लेखी ठरले. या कामात परवानगीसाठी अकरा आठवडे गेले.

१६ जून

हेअरपिन म्हणजे लक्ष्य जनुक दाबणारा, स्वतःवर दुमडलेला लहान आरएनए, आणि तो बनवणारा क्रम पेशीत नेणारा प्लाझ्मिड म्हणजे वाहक. हेअरपिनचे तीन वाहक आणि रिकामा वाहक असे चार जिवाणूसाठे आले. चारही पीएलकेओ.१ या वाहकात आहेत. विषाणूचे सांगाडे पुरवणारा पीएसपॅक्स२ आणि पृष्ठभागाचे प्रथिन पुरवणारा पीएमडी२.जी हे दोन प्लाझ्मिड अमेरिकेतील अ‍ॅडजीन संस्थेकडून आले. हे दोन्ही लोझान येथील दिदिए त्रोनो यांच्या प्रयोगशाळेने तिथे ठेवलेले आहेत आणि जगभर बहुतेक जण तेच वापरतात. हेअरपिनच्या साठ्यांना प्रत्येकी सुमारे १७,००० रुपये पडले. सीमाशुल्काच्या कागदपत्रांमुळे पार्सल नऊ दिवस अडकले होते, परंतु जिवाणू आगरमध्ये टोचून पाठवलेले असल्यामुळे ते जिवंत राहिले.

पहिली चूक इथेच झाली. प्लाझ्मिड जास्त मिळावा म्हणून मी चारही वाहक आमच्या नेहमीच्या, रोज वापरात असलेल्या जिवाणूंमध्ये घातले आणि ३७ अंशांवर रात्रभर जोरात वाढवले. डीएनए भरपूर मिळाला. इकोआरआय आणि एनसीओआय या विकरांनी कापल्यावर सुमारे २ आणि ५ किलोबेसचे दोनच पट्टे दिसायला हवे होते, पण दोन वाहकांमध्ये तिसरा पट्टा स्पष्ट होता. या वाहकाच्या दोन्ही टोकांना विषाणूचे सारखेच लांब क्रम असतात. सामान्य जिवाणू ते क्रम एकमेकांशी जोडून मधला सगळा भाग, म्हणजे हेअरपिन आणि औषधरोधक जनुक दोन्ही, गाळून टाकतात. असा लहान झालेला प्लाझ्मिड अधिक वेगाने वाढतो, त्यामुळे भरपूर मिळालेला डीएनए ही आनंदाची गोष्ट नव्हती.

२८ जून

पुन्हा सुरुवात केली. हे पुनर्संयोजन टाळण्यासाठीच बनवलेले एसटीबीएल३ जिवाणू घेतले, ३० अंशांवर वाढवले, अँपिसिलिनऐवजी कार्बेनिसिलिन वापरले, आणि प्रत्येक वाहकाच्या चार वसाहती स्वतंत्रपणे तपासल्या. वाढ संथ आहे आणि मिळणारा डीएनए पूर्वीच्या जेमतेम निम्मा आहे, पण सोळापैकी पंधरा वसाहतींमध्ये फक्त दोन पट्टे आले.

क्रमनिर्धारणात आणखी एक अडचण आली. हेअरपिनचा क्रम स्वतःवरच दुमडतो, त्यामुळे वाचन बरोबर त्याच्या तोंडाशी येऊन थांबत होते. क्रमनिर्धारण करणाऱ्यांना नमुन्यात हेअरपिन आहे हे आधी सांगावे लागते, मग ते वेगळी रासायनिक पद्धत वापरतात. तिचा दर दुप्पट आहे. मी आधी न सांगितल्यामुळे सहा नमुन्यांचे पैसे दोनदा भरावे लागले.

५ जुलै

प्युरोमायसिनची मात्रा ठरवण्याचा प्रयोग संपला. विषाणू ज्या पेशींत शिरला त्याच पेशी या औषधात टिकतात, त्यामुळे न शिरलेल्या सर्व पेशी नेमक्या किती मात्रेत मरतात हे आधी माहीत असायला हवे. एका जुन्या वहीत २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असे लिहिलेले होते आणि तोच आकडा घेऊन पुढे जाण्याचा मोह झाला होता. प्रत्यक्षात ०.५ ते ४ पर्यंत सहा मात्रा तपासल्यावर १.५ मध्ये तिसऱ्या दिवशी सर्व पेशी मेल्या. परंतु ज्या खोबणीत पेशी दाटीने वाढल्या होत्या तिथे त्याच मात्रेत चौथ्या दिवशीही काही शिल्लक होत्या. औषध देताना थाळीचा निम्म्याहून कमी भाग भरलेला असावा, ही अट मी आमच्या पद्धतीत लाल अक्षरांत लिहिली आहे.

११ जुलै

पहिले ट्रान्सफेक्शन, म्हणजे पेशींत प्लाझ्मिड घालण्याचे काम, झाले. १० सेंटिमीटरच्या थाळीत ३८ लाख एचईके२९३टी पेशी, दुसऱ्या दिवशी हेअरपिन वाहक ६, पीएसपॅक्स२ ४.५ आणि पीएमडी२.जी १.५, असा एकूण १२ मायक्रोग्रॅम डीएनए, आणि त्याच्या तिप्पट वजनाचे पीईआय (डीएनए पेशीत नेणारे रसायन). सोळा तासांनी पोषकमाध्यम बदलले. हिरवा प्रकाश देणाऱ्या जीएफपी प्रथिनाचा वाहक एका वेगळ्या थाळीत तुलनेसाठी ठेवला होता. तिथे ८० टक्क्यांहून अधिक पेशी हिरव्या आहेत, आणि शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळेही दिसत आहेत, म्हणजे जी प्रथिन नीट बनत आहे. सर्व ठीक आहे असे वाटते.

१९ जुलै

सर्व ठीक नव्हते. ४८ आणि ७२ तासांनी गोळा केलेला विषाणू गाळून, दर मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम पॉलिब्रीनसह (हे रसायन विषाणूला पेशीशी चिकटायला मदत करते) ए५४९ पेशींना दिला, दोन दिवसांनी प्युरोमायसिन सुरू केले, आणि आज प्रत्येक थाळीतील पेशी मेलेल्या आहेत. विषाणू दिलेल्या आणि न दिलेल्या थाळ्यांत काहीही फरक नाही. जीएफपीच्या थाळीत, अर्धा मिलिलिटर विषाणू देऊनही, जेमतेम ४ टक्के पेशी हिरव्या झाल्या.

बनवणाऱ्या पेशी हिरव्या दिसल्या म्हणून विषाणू बनला असे मी गृहीत धरले होते. तो हिरवा रंग थेट आत घातलेल्या प्लाझ्मिडचा असतो, बाहेर पडलेल्या विषाणूविषयी तो काहीच सांगत नाही. बनवणाऱ्या पेशींपासून ए५४९ पेशींपर्यंतच्या वाटेवर विषाणू कुठे हरवतो, एवढाच प्रश्न आता समोर आहे.

२२ जुलै

एक ठिकाण सापडले. विषाणू गाळण्यासाठी मी भांडारातून ०.४५ मायक्रॉनची गाळणी घेतली होती, छिद्राचा आकार पाहिला होता पण पडदा कशाचा आहे हे पाहिले नव्हते. तो नायट्रोसेल्युलोजचा निघाला. नायट्रोसेल्युलोजला प्रथिने चिकटतात, आणि वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे प्रथिने पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीसाठी, आपण तो नेमक्या याच गुणासाठी वापरतो. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने पडद्याला धरून बसली. एकाच थाळीतील विषाणू अर्धा त्या गाळणीतून आणि अर्धा पॉलिइथरसल्फोनच्या गाळणीतून काढून सारख्याच पेशींना दिला, तेव्हा हिरव्या पेशी अनुक्रमे ४ आणि १९ टक्के आल्या.

सुधारणा मोठी आहे, परंतु अर्धा मिलिलिटर विषाणूला १९ टक्के हेही फार कमी आहे. वाटेवर दुसरीही गळती असली पाहिजे.

२८ जुलै

मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींना लागणारा अतिसूक्ष्म जिवाणू. पेशीकेंद्रे रंगवणारे डॅपी टाकून एचईके२९३टी पेशी पाहिल्या, तेव्हा पेशीकेंद्रांच्या बाहेर सर्वत्र बारीक ठिपके चमकत होते. पीसीआरमध्येही (डीएनएच्या ठरावीक क्रमाच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचणीत) ठळक पट्टा आला. ए५४९ पेशींचा पट्टा फिकट, पण होता. हा जीव माध्यम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, फक्त पेशींचे पोषण खातो आणि त्यांची सगळी कामे मंदावतो. तो बाहेरून आला की आमच्याच इनक्युबेटरमध्ये होता हे आता ठरवता येणार नाही, आणि ठरवण्यात अर्थही नाही, कारण पेशी आल्या त्या दिवशी तपासणी न करणे ही पूर्णपणे माझी चूक आहे. त्या पीसीआरला साडेतीनशे रुपये लागले असते.

उघडलेले सर्व माध्यम, ट्रिप्सिन आणि निम्मी भरलेली सीरमची बाटली टाकून दिली, सीरमचेच नुकसान सुमारे १८,००० रुपयांचे झाले. प्रतिजैविके देऊन पेशी वाचवता येतात का असे मी विचारले. मॅडम म्हणाल्या, "ज्या पेशींवर दोन वर्षे निष्कर्ष उभे राहणार आहेत, त्यांच्याबद्दल मनात शंका ठेवून काम करू नकोस." सर्व पेशी नष्ट केल्या. इनक्युबेटर रिकामा करून, पाण्याचे तबक वाफेने निर्जंतुक करून, दोन दिवस बंद ठेवला.

२१ ऑगस्ट

ए५४९ पेशींचा जूनमध्ये गोठवलेला पहिला साठा तपासला, तो स्वच्छ निघाला. एचईके२९३टी नव्याने विकत घेतल्या, आठ दिवस वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या आणि दोनदा तपासून मगच वापरात आणल्या. यापुढे दर पंधरवड्याच्या सोमवारी सर्व पेशींची तपासणी होईल आणि निकाल इनक्युबेटरच्या दारावर लावला जाईल. मधले जवळजवळ साडेतीन आठवडे गेले.

२६ ऑगस्ट

आता विषाणू भरपूर आहे. जीएफपी विषाणूचे १०० मायक्रोलिटर दिल्यावर ९० टक्के, १० मायक्रोलिटरला २२ टक्के आणि ३ मायक्रोलिटरला ७ टक्के पेशी हिरव्या झाल्या. गणितासाठी ९० टक्क्यांचा आकडा निरुपयोगी आहे, कारण तिथे एकेका पेशीत अनेक विषाणू शिरलेले असतात आणि तरीही ती एकच पेशी मोजली जाते. २२ टक्क्यांवरून हिशेब केला : विषाणू दिला त्या वेळी खोबणीत ५०,००० पेशी होत्या, त्यांचे २२ टक्के म्हणजे ११,०००, आणि ते १० मायक्रोलिटरमुळे, म्हणून एका मिलिलिटरमध्ये सुमारे ११ लाख संसर्गक्षम कण.

पहिल्या हिशेबात मी आदल्या दिवशी पेरलेल्या २५,००० पेशींचा आकडा धरला होता आणि उत्तर निम्मे आले होते. ए५४९ पेशी दिवसाला साधारण दुप्पट होतात. एक जादा खोबण ठेवून, विषाणू देण्याच्या क्षणी तिच्यातील पेशी मोजणे आवश्यक आहे.

हेअरपिनच्या विषाणूंमध्ये हिरवे प्रथिन नाही, म्हणून त्यांची मात्रा प्युरोमायसिनमध्ये टिकलेल्या पेशींच्या प्रमाणावरून ठरवली. दर पेशीमागे ०.३ कण हे प्रमाण निवडले. त्यात सुमारे २६ टक्के पेशींनाच विषाणू मिळतो आणि बाकीच्या औषधाने मरतात, हे खर्चिक वाटते. पण टिकलेल्या पेशींपैकी साधारण ८६ टक्के पेशींत एकच प्रत असते. विषाणू डीएनएमध्ये कुठेही जोडला जातो, त्यामुळे प्रती जितक्या कमी तितकी दुसऱ्याच एखाद्या जनुकाला इजा होण्याची शक्यता कमी.

८ सप्टेंबर

३० ऑगस्टला विषाणू दिला, चार दिवस प्युरोमायसिन दिले आणि सहाव्या दिवशी नमुने घेतले. विषाणू न दिलेल्या थाळीत एकही पेशी जिवंत नव्हती आणि बाकीच्या थाळ्यांत छान वसाहती होत्या. संदेशवाहक आरएनए मोजल्यावर पहिल्या हेअरपिनमध्ये १८ टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के आणि तिसऱ्यात ६२ टक्के शिल्लक दिसला.

त्याहून आनंद वेस्टर्न ब्लॉटने दिला. पहिल्या हेअरपिनच्या रांगेत लॅमिनचे पट्टे जवळजवळ नाहीसेच झाले होते. आम्ही तिघांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, की नियंत्रण रांगेतील, म्हणजे लॅमिन न दाबलेल्या पेशींच्या रांगेतील, पट्टासुद्धा इतका फिकट का आहे. ४२,००० रुपयांचे प्रतिपिंड आणि तीस मायक्रोग्रॅम प्रथिन वापरूनही, ज्या पेशींत लॅमिन विपुल असते त्यांत पट्टा फिकट येण्याचे कारण मला सांगता आले नाही.

११ सप्टेंबर

उत्तर कचऱ्यात होते. पेशी विरघळवण्यासाठी मी आमचा नेहमीचा सौम्य द्रव वापरत होतो, नंतर नमुना वेगाने फिरवून वरचा स्वच्छ द्रव ठेवत होतो आणि तळाचा गाळ टाकून देत होतो. लॅमिन हे तंतूंच्या जाळीत घट्ट विणलेले प्रथिन आहे. सौम्य द्रवात ते सुटत नाही आणि जवळजवळ सगळे गाळातच राहते. वर जे दिसत होते ते प्रत्येक नमुन्यात किती लॅमिन सुटले याचे माप होते, पेशीत किती लॅमिन आहे याचे नव्हे. जो फोटो पाहून आम्ही आनंदलो होतो तो रद्द केला आहे.

आता पेशी धुऊन थेट २ टक्के एसडीएस (प्रथिने उलगडणारा तीव्र साबण) असलेल्या नमुनाद्रवात, ९५ अंशांवर विरघळवतो. चिकट झालेला डीएनए ध्वनिलहरींच्या यंत्राने तोडतो आणि गाळ काढण्याची पायरीच ठेवत नाही. गोठवून ठेवलेल्या सहाव्या दिवसाच्या पेशींवर हे केले, तेव्हा सुमारे ७४ आणि ६३ किलोडाल्टनचे दोन्ही पट्टे सर्व रांगांत ठसठशीत आले, आणि खरे चित्र समजले : आरएनए १८ टक्क्यांवर आलेला असला तरी प्रथिन अजून साधारण ६० टक्के शिल्लक आहे.

२० सप्टेंबर

हेअरपिन नवे प्रथिन बनणे थांबवते, आधीच बनलेले प्रथिन काढून टाकत नाही. लॅमिनसारखे दीर्घायुषी प्रथिन पेशींच्या विभाजनांबरोबर वाटले जाऊन हळूहळू विरळ होते. म्हणून बाराव्या आणि विसाव्या दिवशी पुन्हा नमुने घेतले. विसावा दिवस नेमका गणेशचतुर्थीचा आला. सहकारी विद्यार्थिनी गावी रत्नागिरीला गेलेली असल्यामुळे मी घरची प्रतिष्ठापना आटोपून दुपारी प्रयोगशाळेत आलो, कारण पेशींचा विसावा दिवस दुसऱ्या कोणत्या दिवशी आणता येत नाही.

पहिल्या हेअरपिनमध्ये प्रथिन बाराव्या दिवशी सुमारे २५ टक्के आणि विसाव्या दिवशी १५ टक्के शिल्लक आहे. दुसऱ्यात ते ३५ टक्क्यांपाशी स्थिरावले. सहाव्या दिवशी पेशीकेंद्रांचे आकार पाहून "काही परिणाम नाही" असे मी वहीत लिहिले होते. त्या नोंदीवर आज तारखेसह रेघ मारली.

६ ऑक्टोबर

तिसऱ्या हेअरपिनचे कोडे सुटले, आणि त्यातून मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. त्याच्यात आरएनए ६२ टक्के शिल्लक होता, म्हणून आम्ही तो निकामी समजून बाजूला ठेवला होता. विसाव्या दिवसाच्या ब्लॉटमध्ये मात्र त्याच्या रांगेत वरचा, म्हणजे लॅमिन ए चा पट्टा जवळजवळ गेलेला होता आणि खालचा लॅमिन सी चा पट्टा पूर्ण होता.

हा हेअरपिन मी जनुकाच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागावर मुद्दाम निवडला होता. पुढे बाहेरून लॅमिन परत द्यायचे झाले तर त्या कृत्रिम जनुकात हा भाग नसेल आणि हेअरपिन त्याला हात लावणार नाही, असा विचार त्यामागे होता. विचार बरोबर होता, पण लॅमिन सी चा आरएनए दहाव्या एक्झॉनमध्येच (एक्झॉन म्हणजे जनुकाचा आरएनएमध्ये टिकणारा तुकडा) संपतो आणि लॅमिन ए चा बाराव्यापर्यंत जातो, हे मी तपासले नव्हते. शेवटचा भाग फक्त लॅमिन ए कडे आहे. हेअरपिन आपले काम उत्तम करत होता. आमचे मोजणीचे प्राइमर, म्हणजे मोजताना ठरावीक क्रमावर बसणारे डीएनएचे लहान तुकडे, दोघांच्या सामाईक भागावर होते, म्हणून त्यांना लॅमिन सी चा आरएनए शाबूत दिसत होता. एका जनुकापासून एकाहून अधिक आरएनए बनत असतील तर हेअरपिन आणि प्राइमर त्यांपैकी कोणाकोणावर बसतात, हे कागदावर मांडल्याशिवाय काही मागवू नये. शिवाय हेअरपिनच्या क्रमात सलग चार टी आलेले नाहीत ना, हेही तेव्हाच पाहावे, कारण हेअरपिनचे लेखन सुरू करणाऱ्या यू६ प्रवर्तकावरून चाललेले लेखन तिथेच थांबते.

१७ ऑक्टोबर

एक निष्कर्ष मागे घेतो. लॅमिन दाबलेल्या पेशी रिकाम्या वाहकाच्या पेशींपेक्षा हळू वाढतात असे सलग तीन आठवडे दिसत होते आणि मी तो लॅमिनचा परिणाम धरला होता. आज कोणत्याही मानवी जनुकाशी न जुळणाऱ्या हेअरपिनच्या पेशी प्रथमच शेजारी ठेवून मोजल्या, आणि त्याही तितक्याच हळू वाढल्या. रिकामा वाहक पेशीला कोणताच हेअरपिन बनवायला लावत नाही, त्यामुळे हेअरपिन बनवण्याचा आणि त्यावर प्रक्रिया करण्याचा पेशीवर पडणारा भार त्या तुलनेत दिसतच नाही. हे नियंत्रण पहिल्याच दिवशी मागवायला हवे होते. १७,००० रुपये वाचवण्यासाठी मी ते पुढे ढकलले आणि तीन आठवड्यांची मोजणी गमावली.

पेशीकेंद्रांच्या आकाराचा फरक मात्र या कसोटीतही टिकला. नमुन्यांची नावे झाकून प्रत्येकी ३०० पेशीकेंद्रे मोजली, तेव्हा न जुळणाऱ्या हेअरपिनमध्ये ९ टक्के आणि पहिल्या हेअरपिनमध्ये ३४ टक्के वेडीवाकडी होती, दुसऱ्यात २३ टक्के. प्रथिन जिथे जास्त घटले तिथे परिणामही जास्त, हा क्रम मला त्या टक्केवारीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. एमेरिन हे प्रथिनही पेशीकेंद्राच्या कडेवरून सुटून पेशीभर पसरलेले दिसले.

३० ऑक्टोबर

दोन हेअरपिन सारखेच सांगत असले तरी लॅमिन परत दिल्यावर पेशीकेंद्रे सुधारतात का, हे पाहिल्याशिवाय मॅडम लेख लिहू देणार नाहीत. पहिला हेअरपिन ज्या क्रमावर बसतो तिथे प्रथिन न बदलता सहा अक्षरे बदललेले लॅमिन ए चे जनुक बनवून घेतले. ते आले, आणि कुपी हातात घेतल्यावर लक्षात आले की मी ते प्युरोमायसिनरोधक वाहकातच मागवले आहे. आमच्या पेशी आधीच प्युरोमायसिनला दाद देत नाहीत, त्यामुळे नवे जनुक शिरलेल्या पेशी निवडण्याचा मार्गच उरला नाही. ब्लास्टिसिडिनरोधक वाहकात ते पुन्हा बसवणे आणि त्या औषधाची मात्रा नव्याने ठरवणे यात पाच आठवडे जातील.

१८ डिसेंबर

पहिल्या खेपेला लॅमिन परत देताना विषाणू जास्त दिला गेला. दर पेशीमागे सुमारे २ कण झाले, लॅमिन ए मूळच्या कित्येक पट वाढले आणि पेशीकेंद्रे सुधारण्याऐवजी आणखी सुरकुतली. लॅमिन कमी झाले तरी आणि फार वाढले तरी पेशीकेंद्र बिघडते. दुसऱ्या खेपेला ०.३ चे प्रमाण ठेवले, पट्टा जवळपास मूळच्या जाडीचा आला, आणि वेडीवाकडी पेशीकेंद्रे ३४ वरून १५ टक्क्यांवर उतरली. एमेरिन बहुतेक पेशींत कडेला परतले. वेड्यावाकड्या पेशीकेंद्रांचे प्रमाण ९ टक्क्यांपर्यंत उतरले नाही, याचे एक कारण लॅमिन सी अजून दाबलेलेच आहे हे असू शकते. लॅमिन सी परत देण्याचा वाहक पुढच्या यादीत आहे.

२ जानेवारी २०२४

नोव्हेंबरपासून सतत वाढवत ठेवलेल्या पहिल्या हेअरपिनच्या पेशी सहज म्हणून तपासल्या, तर लॅमिन ५० टक्क्यांवर परत आलेले होते. ज्या पेशींत हेअरपिन कमी बनतो त्या वेगाने वाढतात आणि काही आठवड्यांत थाळी व्यापतात. डिसेंबरचे प्रयोग सप्टेंबरमध्ये गोठवलेल्या साठ्यावर केले होते, म्हणून ते वाचले. ठरवून केलेली नव्हे, तर जागा होती म्हणून केलेली ती गोठवणी होती.

आज पद्धत ठरवली. निवड संपल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक पेशीसमूहाच्या किमान दहा कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये जातील. वितळवलेली कुपी सहा आठवड्यांपलीकडे वापरली जाणार नाही आणि त्या काळात प्युरोमायसिन निम्म्या मात्रेत चालू राहील. प्रत्येक प्रयोगाच्या दिवशीच्या पेशींचा एक वेस्टर्न नमुना बाजूला ठेवला जाईल. विषाणूचे साठेही आता अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्यांत, उणे ८० अंशांवर, एकदाच वितळवायचे म्हणून विभागले आहेत. सध्या पहिल्या हेअरपिनच्या सात, दुसऱ्याच्या नऊ, न जुळणाऱ्या हेअरपिनच्या दहा आणि लॅमिन परत दिलेल्या पेशींच्या चार कुप्या आहेत. चारच्या दहा करण्यासाठी आज एक थाळी लावली आहे.